भेस्तानची बियर आणि एकोणतीसचा पाढा

लोक बियर प्यायला गोव्याला जातात, फार तर दमणला. मी सुरतेला गेले. दारूबंदीच्या राज्यात, नवऱ्याला बरोबर घेऊन, आणि तेही माझ्या भाऊजींच्या हुकमावरून, ज्यांनी होमिओपॅथीच्या गोळ्यासुद्धा 'स्पिरिटचा वास येतो' म्हणून सोडल्या. परत आल्यापासून हे मी इतक्या जणांना ऐकवलंय, की आता मी 'लोक बियर प्यायला' एवढं म्हटलं की आमचे हे चपला घालून बाहेर पडतात. तेव्हा म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. वाचणाऱ्याला निदान उठून जाता येतं.

झालं असं. माझ्या ताईची मुलगी मंजिरी, तिला सुरतेचं स्थळ आलं. मुलगा प्रमोद, बी.एस्सी., दिसायला नीटस, बोलायला त्याहून. माणसं मूळची अमळनेरची, पण दोन पिढ्या सुरतेत. 'स्वतःचा लहानसा कारखाना आहे,' असं मध्यस्थांनी सांगितलेलं. नाशिकला बघण्याचा कार्यक्रम झाला. मंजिरीनं पोह्यांच्या बशा बाहेर नेऊन दिल्या आणि आत आल्यावर माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की मी ओळखलं, पोरगी गेली. तिकडूनही होकार आला. पेढे आणायचे तेवढे बाकी होते. आणि मग भाऊजींनी चष्मा लावून प्रमोदनं दिलेलं कार्ड वाचलं. 'जिंजर बियर बनविणारे, भेस्तान, सुरत.'

मला त्यात आलं दिसलं. भाऊजींना फक्त बियर दिसली.

"माझी मुलगी बियरवाल्याच्या घरात? पत्रिकेत काय छापू? आमचे येथे श्रीकृपेकरून बियर?"

"अहो, आल्याचं पेय असतं ते," ताई म्हणाली.

"द्राक्षाचं पण पेयच असतं," भाऊजी म्हणाले. नाशिकच्या माणसाला द्राक्षाचं काय होतं हे सांगावं लागत नाही.

मंजिरी रडली नाही, ओरडली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाबा, न चाखता नापास कसं करता? कुणीतरी चाखून या. नशा असली तर मी स्वतः नाही म्हणेन." भाऊजी शिक्षक होते. परीक्षा न घेता नापास करणं त्यांना पटेना. मग परीक्षक कोण, यावर चर्चा झाली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. कुणाच्याही घरची आमटी चाखून तिला दहापैकी गुण द्यायची मला खोड आहे. (त्यामुळे आम्हांला जेवायला बोलावणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे.) तर भाचीचं लग्न माझ्या जिभेवर ठेवण्यात आलं.

भाऊजींनी अटी घातल्या. सोयरीक ठरेपर्यंत मुलाकडे जेवायचं नाही, राहायचं नाही. जे चाखायचं ते दोघांनी चाखायचं. आणि चाखून झाल्यावर तासाभरानं मी त्यांना फोन करायचा. "मी फोनवर ओळखेन," ते म्हणाले. कसं ओळखणार, ते सांगितलं नाही.

सापुताऱ्याचा नाका

नाशिक-सुरत एस्टी सापुताऱ्याचा घाट चढून गुजरातेत शिरते तिथे गाडी थांबवून पिशव्या तपासतात. आत काय नेताय, ते. एक हवालदार चढला आणि सरळ माझ्यापाशी आला. माझ्या पिशवीत मुलाकडच्यांना द्यायला म्हणून घरी केलेलं आवळ्याचं सरबत होतं. ते कशात भरलं होतं, हे त्या क्षणापर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांकडून स्वच्छ धुऊन आणलेली ती बाटली फार सुबक होती. तिच्यावरचं लेबल निघालं होतं, पण काचेतच उठवलेलं इंग्रजी नाव निघालं नव्हतं.

"आ शुं छे, बेन?"

"आवळा," मी म्हटलं. घाबरल्यावर माझं गुजराती एवढंच उरलं.

त्यानं बूच उघडून वास घेतला. मग थोडं तळहातावर घेऊन चाटलं. सगळी बस श्वास रोखून बसलेली. ह्यांनी तर माझ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर डोंगर बघायला घेतले, जणू आमची ओळख बसमध्येच झाली. हवालदारानं परत एकदा चाटलं आणि बाटली माझ्या हातात देत म्हणाला, "मीठुं ओछुं छे."

मीठ कमी. मला राग यायला हवा होता, पण तो बरोबर होता. दहापैकी गुण देणारं आपल्यासारखंच कुणीतरी सरहद्दीवर उभं आहे हे बघून मला प्रवास शुभ वाटू लागला.

सुरत

सुरतेला उतरेपर्यंत माझ्या मनात प्लेगची सुरत होती. प्लेगला तेव्हा दोन-तीन वर्षंच झालेली. ताईनं निघताना कापराची पुरचुंडी माझ्या पदराला बांधली होती. बाहेर येऊन बघते तो रस्ते असे झाडलेले, की मला आमची नाशिकची गल्ली आठवून ओशाळल्यासारखं झालं. हे म्हणाले, "नाकाला पदर लावू नकोस, लोक बघतायत." मी पदर काढला, पुरचुंडी सोडली. पुढचे दिवस मला कापराऐवजी तळणीचा, हिंगाचा आणि नव्या साड्यांच्या खळीचा वास आला, आणि तो फार बरा होता.

स्टेशनजवळच्या लॉजवर सामान टाकलं आणि सकाळी न्याहारीला बाहेर पडलो. समोरच्या दुकानावर 'लोचो' अशी पाटी. आपल्याकडे लोच्या म्हणजे भानगड. इथे ती बशीत वाढतात, वर तेल, शेव, कांदा घालतात आणि वरून हसून विचारतात, आणखी देऊ? खमण करताना पीठ सैल झालं, फसलं, ते कुणीतरी तसंच विकलं, अशी त्याची जन्मकथा दुकानदारानं सांगितली. आमच्या घरी माझं पीठ सैल होतं तेव्हा मला बोलणी बसतात. इथे त्यापायी गाव वेडं होतं. लोच्याला मी साडेआठ दिले. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "चांगला आहे. साडेसहा."

इथे हे सांगायला हवं की आमचे हे बँकेत आहेत आणि कुठल्याही गोष्टीला साडेसहाच गुण देतात. लग्नात मला किती दिले होते ते मी विचारलेलं नाही.

भेस्तान

प्रमोद आम्हांला न्यायला रिक्षा घेऊन आला. शहर संपत आलं, मागांची खडखड सुरू झाली, आणि त्या खडखडाटातून एका पत्र्याच्या शेडपाशी उतरलो तेव्हा एकदम वास आला. ओल्या गोणपाटाचा, लिंबाच्या सालीचा आणि आल्याचा. आलं म्हणजे चहातलं नव्हे. डोळ्यांत पाणी आणणारं, नाकाला जाग आणणारं.

दारात प्रमोदचे वडील भास्करराव उभे होते. पांढरा सदरा, पायांत गमबूट. "या, या, आवो. बेन, पाय सांभाळा, ओलं आहे." मराठी, गुजराती आणि घरची अहिराणी अशा तीन भाषा ते एका वाक्यात, सांधा न दिसू देता बोलत. शेजारी त्यांची आई, मोठी माय. ठेंगणी, नऊवारी, कपाळभर कुंकू. तिनं मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, "बठ व माय. भलती वाळेल शे. बियर पी, अंगले लागी."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. नऊवारीतली आजी, तोंडात बियर.

कारखाना म्हणजे एवढाच. एका बाजूला आलं किसायचं यंत्र, मोठाली पातेली, मधे बाटल्यांच्या तोंडावर पत्र्याचे बिल्ले दाबून बसवायचं हातयंत्र, आणि भिंतीकडेला ओल्या गोणपाटाखाली झोपवलेल्या बाटल्या. पाच-सहा माणसं कामाला, बहुतेक धुळे-जळगावकडची. आल्याचा रस, साखर, लिंबू एकत्र करून त्यात 'ते' घालतात, बाटलीत भरून बिल्ला ठोकतात, दोन दिवस ठेवतात. बाटलीत आपोआप फेस धरतो. वरून गॅस भरत नाहीत.

"'ते' म्हणजे काय?" ह्यांनी बँकेतल्या आवाजात विचारलं. भाऊजींचा सगळा संशय ह्या 'ते'मध्येच तर होता.

भास्कररावांनी आईकडे बघितलं. मोठी माय आत गेली आणि चिनी मातीची एक बरणी कडेवर घेऊन आली. हो, कडेवर. फडकं सोडलं. आत किसलेलं आलं, वर बारीक बुडबुडे, आंबूस वास. रोज सकाळी, घरातल्या कुणी चहा प्यायच्या आत, ती बरणीला चमचाभर आलं आणि चमचाभर साखर भरवते. तिच्या नवऱ्यानं, बापूंनी, ज्या पारशी शेठकडे बाटल्या धुतल्या, त्या शेठनं म्हातारपणी धंदा बंद करताना यंत्रं आणि ही बरणी त्यांच्या हवाली केली. प्लेगात सगळा मोहल्ला गावी पळाला तेव्हा लोकांनी दागिने घेतले, हिनं बरणी घेतली आणि रेल्वेत मांडीवर ठेवून अमळनेर गाठलं.

"हाई मनी सवत शे," ती म्हणाली. "आमना म्हातारा सकायले उठीसन पह्यले हिनं तोंड देखे, मंग मनं." आधी बरणीचं तोंड, मग बायकोचं.

मी बरणीत बोट बुडवून चाखलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अहो, हे विरजण आहे!"

"विरजण?" हे म्हणाले.

"दह्याला लावतो ना आपण, तसं आल्याला. आदल्या दिवशीचं थोडं ठेवायचं, नव्यात घालायचं. दही खाऊन कुणी झिंगतं का?"

प्रमोदनं मान डोलावली. तो शास्त्रातला. त्यानं सरळ सांगितलं, आंबवलेल्या कशातही असतं तितपत नावापुरतं अल्कोहोल ह्यात उतरतं, इडलीच्या पिठात असतं तसं. म्हणून तर दोन दिवसांवर बाटल्या थंडाव्यात जातात, पुढे जाऊच देत नाहीत. मला पोरगा त्या उत्तरानं आवडला. 'छे छे, काहीच नसतं' म्हणणारा जावई पुढे फार थापा मारतो.

मग चाखायला बसलो. शेडमध्येच चार खुर्च्या, एक स्टूल, आणि समोर एकेक बाटली. नाशिकला आमची पोरगी ट्रे घेऊन आली होती आणि ह्या मंडळींनी तिला बघितलं होतं. आता त्यांच्या पोरी एकामागून एक समोर येत होत्या आणि मी मान तिरपी करून विचारत होते, "ही केवढी? स्वभावानं कशी?" भास्करराव हातांची घडी घालून मुलीच्या बापासारखे उभे. खरंच, तसेच. कपाळावर घाम.

पहिली साधी. फट्‌ करून बिल्ला उडाला, फेस मनगटावर. गोड म्हणेपर्यंत तिखट, तिखट म्हणेपर्यंत आंबट, आणि गिळल्यावर छातीत एक छोटी शेकोटी. मी डोळे मिटून बसले. "नऊ," मी म्हटलं आणि भास्कररावांनी घडी सोडली. दुसरी लिंबाची, सालीसकट मुरवलेली; आठ. फुदिन्याची जरा दात घासल्यासारखी लागली; सहा, आणि तेही पाहुणी म्हणून. गुळाची रंगानं सावळी, अंगानं भरलेली, मला तिनं माहेरच्या ऊसमळ्याची आठवण करून दिली, साडेनऊ. मग लवंग-मिऱ्याची, हिवाळ्याची खास. तिनं माझी बरेच दिवस चोंदलेली उजवी नाकपुडी उघडली, तेव्हा तिला गुण द्यायचे की फी, हे कळेना. शेवटी प्रमोदचा स्वतःचा प्रयोग आला, आंबेहळदीचा. सुरतेची माणसं थंडीत ओली आंबेहळद लोणच्यासारखी खातात. त्यावरून त्याला सुचलं. मी घोट घेतला. सगळे बघत होते. भावी जावई बघत होता.

"प्रमोद," मी म्हटलं, "मुरगळलेल्या पायाला लावायला उत्तम आहे."

सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. चार गुण दिले, आणि हसण्याचे वेगळे दहा मनातल्या मनात.

हे प्रत्येक बाटलीला "चांगली आहे, साडेसहा" म्हणत होते. गुळाच्या बाटलीला मात्र त्यांनी न सांगता दुसरा घोट घेतला. मग म्हणाले, "पावणेसात." लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, मी ह्या माणसाला असं वाहवत जाताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात ह्यांच्या मागं गोणपाटाखाली एक बाटली फुटली. ढप्प! हे खुर्चीसकट आडवे. भास्करराव धावले, पण मोठी माय जागची हलली नाही. "काही नही. एखादी पोर जास्ती नाचस," ती म्हणाली. ह्यांच्या सदऱ्यातून आल्याचा वास पुढं नाशिकपर्यंत आला.

बूथवर

तासाभरानं मी आणि हे रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो. काचेच्या पेटीत एकच माणूस मावतो. मी आत, हे बाहेर काचेला नाक लावून. माझं मन पिसासारखं झालेलं. दारूनं नव्हे हो, आनंदानं. भाचीचं सोनं झालं होतं आणि ती बातमी माझ्याकडे होती.

"भाऊजी! पास! सगळ्या पास! सहा प्यायले, एक गुळाची तर..." आणि इथे आल्यानं आपलं काम केलं. सहा बाटल्यांचा फेस एकदम वर आला आणि मी फोनमध्ये अशी सणसणीत ढेकर दिली की बूथवाल्यानं मान वर केली.

मग भाऊजींचा वर्गातला आवाज आला. "एकोणतीसचा पाढा म्हण."

तर ही होती त्यांची परीक्षा. शुद्धीत आहे की नाही हे बघायला त्यांच्याकडे तीच एक मोजपट्टी. मी म्हटलं, ठीक. "एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. त्रिक सत्त्याऐंशी..." चोकपर्यंत गेले, पाचापर्यंत गेले. मग मला हसू यायला लागलं. सुरतेत, काचेच्या पेटीत, मागं मागांचा खडखडाट, बाहेर बँकेतला नवरा बोटांवर मोजतोय, आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई पाढे म्हणतेय. हसता हसता म्हटलं, "एकोणतीस सत्ते दोनशे... दोनशे सहा."

चुकलं, हे मला काचेबाहेरच्या ह्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिकडे भाऊजींनी फोन आपटला.

लगेच परत लावला. ताईनं उचलला. मागून भाऊजींचा आवाज: "चढलीय तिला! फोनमधून वास येतोय! नकार कळवा!"

"ताई, मला शुद्धीत तरी कधी येत होता गं एकोणतीसचा?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "पण ह्यांना कोण सांगणार?"

मग आमच्या ह्यांनी पेटीचं दार उघडलं, माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "भाऊसाहेबांना द्या." आणि तिथं रस्त्यावर उभं राहून, सदऱ्याला आल्याचं पाणी ठिबकत असताना, त्यांनी एकोणतीसचा पाढा म्हटला. मग सरळ पाढा झाल्यावर उलटा म्हटला. मग कुणी मागितलेली नसताना पावकी म्हटली. पानवाला, दोन रिक्षावाले आणि बूथवाला उभे राहून ऐकत होते. शेवटी पानवाल्यानं "वाह, काका!" म्हटलं.

भाऊजी जरा निवळले. पण हार मानतील तर भाऊजी कसले. "नशा नसेल," ते म्हणाले, "पण नाव? नाव आहे ना! 'बियर' हा शब्द त्या बाटलीवरून जाईल तर हे लग्न होईल. नाहीतर नाही. हे माझं शेवटचं."

तापीकाठी

दुसऱ्या दिवशी भास्करराव आम्हांला तापीकाठी पोंक खायला घेऊन गेले. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण हुरडा आपण शेतात, धुरात, हाताला चटके घेत खातो. इथे तो कोवळ्या ज्वारीचे पाचू निवडावेत तसा निवडून, पुड्यात बांधून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर, साखरेच्या बारीक दाण्यांबरोबर आणि ताकाबरोबर देतात. हुरड्याला नऊ, पोंकाला नऊ. कोण श्रेष्ठ यावर एरवी मी वाद घातला असता. पण घास खाली उतरत नव्हता, कारण भाऊजींची अट अजून माझ्याच तोंडात होती.

शेवटी ह्यांनीच सांगितलं. स्वच्छ, बँकेतल्या नोटिशीसारखं.

भास्कररावांनी मुठीतला पोंक परत पुड्यात ठेवला. "साहेब," ते म्हणाले, "शेठनं बरणी देताना बापूंना एकच सांगितलं होतं, नाव जाऊ देऊ नको. दारूबंदीवाले येऊन गेले, चौकशी करून गेले, आता येतात ते पैसे देऊन दोन बाटल्या पिऊन जातात. तरी नाव नाही बदललं. आता मुलासाठी बदलू? बापूंना काय सांगू?" प्रमोद खाली बघत पोंकाचा पुडा घडी करत होता. पुन्हा उलगडत होता.

मला त्या माणसाचं म्हणणं खोटं वाटेना. आणि भाऊजींचंही, खरं सांगायचं तर, अगदीच खोटं वाटेना. मधे मंजिरी होती.

संध्याकाळी बूथवरून तिला फोन लावला. आता बूथवाला मला 'आवो, पाढावाळा बेन' म्हणायला लागला होता. मंजिरीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, बाटलीचं राहू दे. माझ्या नावाचं काय ठरलंय ते विचारलंस?"

"तुझ्या नावाचं?"

"लग्नात बदलणार आहेत. राशीप्रमाणे 'र'वरून. प्रमोदच मला सांगून गेला, त्यांच्याकडे सगळ्या सुनांची बदलतात. मी हो म्हटलं, कारण आवडला मला तो. पण मला मंजिरीच राहायचं होतं गं." आणि म्हणाली, "बाटलीसाठी तिकडे घरचे भांडतायत, ते ऐकून मला बाटलीचा हेवा वाटला."

तांदळाचं ताट

निघायच्या दिवशी निरोप घ्यायला भेस्तानला गेलो. नकारच घेऊन जायचा होता. प्रमोदची आई निर्मलाताई डोळे पुसत होती. भास्करराव गमबूट घालून उगाच बाटल्या इकडच्या तिकडे करत होते. मी जाता जाता, काही मनात न धरता, मंजिरीचं बोलणं सांगितलं. हेवा वाटला म्हणाली, एवढंच.

निर्मलाताई पदर डोळ्यांवरून काढून म्हणाली, "मी पण शैला होते."

भास्करराव थांबले. लग्नाला कितीतरी वर्षं झाली, त्यांनी हे नाव लग्नाच्या दिवसानंतर ऐकलं नसावं.

मोठी माय खाटेवर बसली होती. उठली, आत गेली, आणि पितळेच्या ताटात तांदूळ पसरून घेऊन आली. ताट भास्कररावांच्या पुढ्यात स्टुलावर ठेवलं.

"माय, हाई काय?"

"पोरगी येस तव्हय तिनं नाव बदलाले तुमले एक ताट तांदूय लागस," ती म्हणाली. "तिना बाप काय सांगी, कोनी इचारत नही. मंग बाटलीनं बदलाले तुमना जीव का जास? पोरगीनं नाव तेच ऱ्हाई, बाटलीनं बदल. काढ अंगठी."

"पण शेठनं बापूंना..."

"शेठले मी सांगसू. बापूलेबी मीच सांगसू. तुना आधी भेटसू मी त्यासले."

शेडमधलं यंत्र थांबलं होतं. कामावरची माणसं हात पुसत जवळ आली. भास्कररावांनी बोटातली अंगठी काढली. तांदळात आधी 'बियर' लिहिलं, हळूहळू, वळणदार. त्या अक्षरांकडे बघितलं. मग तळहातानं तांदूळ सारखे केले, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवावा तसे.

"नाव काय लिहू?" त्यांनी कुणाकडेच न बघता विचारलं.

कुणी आलेपाक म्हणालं, कुणी गुजरातीत आदू-लिंबू म्हणालं. मी म्हणणार होते विरजण, पण ते पत्रिकेत छापणं भाऊजींना अवघड गेलं असतं. तेव्हा साडेसहा गुणांचे आमचे हे घसा साफ करून म्हणाले, "आल्हाद. म्हणजे... आलं आहे ना त्यात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वीस वर्षांत ह्या माणसानं एक कविता केली नाही, आणि केली ती बाटलीवर.

भास्कररावांनी लिहिलं. आल्हाद. निर्मलाताईनं ताटावर हळदकुंकू वाहिलं.

"आते उखाना ले," मोठी माय म्हणाली.

"मी?"

"मंग कोन? नाव कोनी बदललं?"

सगळे ओरडायला लागले, घ्या, घ्या. प्रमोद तर टाळ्याच वाजवत होता. गमबूट घातलेला तो साठीकडे झुकलेला माणूस नव्या नवरीसारखा लाजला, शेडच्या पत्र्याकडे बघितलं, आणि म्हणाला,

"आलं किसलं, साखर घातली, विरजण लावलं घट्ट,
आल्हादचं नाव घेतो, सुटला बियरचा हट्ट!"

मग जो कल्लोळ झाला, त्यात आणखी दोन बाटल्या फुटल्या म्हणतात. मी बघायला नव्हते. मी रस्ता ओलांडून बूथकडे पळत होते, रिक्षावाला शिव्या देत होता. पळताना कानांवर आलं, शेडच्या दारात कुणी गिऱ्हाईक विचारतंय, "भास्करकाका, बियर छे के?" चालायचंच. सासरी नाव बदललं तरी माहेरची माणसं जुन्याच नावानं हाक मारतात.

मंजिरीनंच फोन उचलला.

"ठरलं," मी धापा टाकत म्हटलं. "आणि तू मंजिरीच राहणार. तुझ्याऐवजी बाटलीनं नाव बदललं."

तिनं मला ते दोनदा सांगायला लावलं.

"म्हणजे माझ्या आधी तीच नांदायला गेली," ती म्हणाली. आवाज भिजलेला होता, पण हसत होती. "थांब, मावशी. बाबांना बोलावते. तूच सांग त्यांना."